भाऊ आजारी, घर थकलेलं आणि सगळे म्हणतात, ‘प्रार्थना वाढवा’

नगर जिल्ह्यातल्या एका ताईंनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर आहे. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. धाकटा भाऊ चोवीस वर्षांचा, आयटीआय करून एमआयडीसीत कामाला होता. गेल्या वर्षी तो म्हणू लागला की शेजारचे लोक त्याचे विचार ऐकतात. एकटाच बोलायचा, रात्रभर जागा असायचा. सिव्हिल हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी स्किझोफ्रेनियाचं निदान केलं आणि गोळ्या दिल्या. चार महिने तो बरा होता, पुन्हा कामालाही जायला लागला. मग आई त्याला एका चंगाई सभेला, म्हणजे प्रार्थनेने आजार बरे करण्याच्या सभेला, घेऊन गेली. बाहेरगावच्या प्रचारकाने त्याच्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, ‘आता गोळ्या घेणं म्हणजे प्रभूवर अविश्वास.’ आईने गोळ्या बंद केल्या. आता तीन आठवडे झाले, भाऊ परत झोपत नाही, खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवतो, आणि देवाने चाळीस दिवस उपास करायला सांगितलंय म्हणतो. वसईची मावशी म्हणते, फादरकडून भूत काढून घ्या. मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चच्या सभासदांतल्या, एका बाई आईला म्हणाल्या, ‘घरात काही लपलेलं पाप असेल, शोधा.’ वडील गप्प आहेत. ताई पुण्यात नोकरी करतात. ती सोडून घरी यावं का, त्याला उपासनेला न्यावं का, आणि देवाचा एवढा राग येतो हे पाप आहे का, असं त्यांनी विचारलंय.

ताई, सलाम. मी मनोरुग्णांच्या कुटुंबांसोबत काम करणारी समाजसेविका आहे आणि तुमच्यासारखीच मंडळीत वाढले आहे. दोन्ही बाजूंचं बोलणं मला आतून माहीत आहे. पण आधी तातडीचं सांगते, बाकीचं नंतर.

भावाला याच आठवड्यात, जमलं तर उद्याच, त्याच डॉक्टरांकडे न्या. घरात उरलेल्या गोळ्या जुन्या प्रमाणात परस्पर सुरू करू नका. काही औषधं अशी असतात की दोन दिवसांहून जास्त खंड पडला तर ती पुन्हा अगदी कमी मात्रेपासून चढवावी लागतात. डॉक्टरांना स्पष्ट सांगा: गोळ्या कधी थांबल्या, झोप किती होते, खातोय का. चाळीस दिवसांच्या उपासाचं तर सांगाच. आणि भावाला एकांतात, शांतपणे विचारा, ‘ते आवाज तुला स्वतःला किंवा कुणाला काही करायला सांगतात का?’ असं विचारल्याने त्याच्या मनात नसलेलं काही शिरत नाही. उलट कुणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो. तो हो म्हणाला, किंवा त्याने पाणीही सोडलं, तर वाट बघत बसू नका. 108 ला फोन करा किंवा थेट जिल्हा रुग्णालयात न्या. रात्री-अपरात्री काय करावं सुचलं नाही तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक आहे. तो चोवीस तास चालू असतो, पैसे लागत नाहीत आणि मराठीत बोलता येतं.

आता भुताचं. मावशींना आणि आईला तुच्छतेने झिडकारू नका, त्या घाबरलेल्या आहेत. आपल्या शुभवर्तमानात अशुद्ध आत्म्यांच्या गोष्टी आहेत हे खरंच आहे. पण त्यातल्याच मत्तयाच्या पुस्तकातलं चौथ्या अध्यायाचं चोविसावं वचन आईला वाचून दाखवा. लोकांनी येशूकडे कोणाकोणाला आणलं, त्याची तिथे यादी आहे: भूतग्रस्त, फेफरेकरी, पक्षाघाती. वेगवेगळी नावं घेतली आहेत. म्हणजे दिसायला विचित्र वागणारा प्रत्येक जण भूतग्रस्त, असं त्या काळच्या लेखकालाही वाटत नव्हतं. ज्याला लोकांनी साखळ्यांनी बांधलं होतं आणि जो थडग्यांमध्ये राहत होता, त्या माणसाची गोष्ट लूकच्या आठव्या अध्यायात आहे. त्यात साखळ्या गावाने घातल्या होत्या. येशूने त्याला नाव विचारलं. शेवटी तो माणूस कपडे घालून, भानावर येऊन बसलेला दिसतो. त्याला येशूसोबत जायचं होतं, पण येशूने त्याला आपल्या घरी परत पाठवलं. मी ही गोष्ट नातेवाइकांना नेहमी शेवटपर्यंत वाचायला लावते. भुताच्या भागावर सगळे थांबतात, घरी परत जाण्याच्या भागापर्यंत कुणी येत नाही.

मावशी कॅथलिक आहेत, तर त्यांना त्यांच्याच चर्चची शिस्त सांगा. बिशपांच्या खास परवानगीशिवाय कोणत्याही फादरला विधिपूर्वक भूत काढता येत नाही. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथात परिच्छेद 1673 मध्ये स्पष्ट म्हटलंय की आजार, विशेषतः मानसिक आजार, हा वेगळा विषय आहे आणि त्यावर उपचार करणं हे वैद्यकशास्त्राचं काम आहे. आधी आजार नाही ना याची खात्री करा, असं चर्चच सांगतं. मावशींच्या धर्मग्रामातले (पॅरिशमधले) समंजस फादर हेच सांगतील, त्यांना विचारायला लावा. आणि कुणी ‘सैतान काढतो’ म्हणून त्याला बांधलं, मारलं, कोंडलं, तर तो महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. करणाऱ्याच्या हातात क्रूस असला म्हणून त्यात फरक पडत नाही. घरात शांतपणे केलेल्या प्रार्थनेला हा कायदा आडवा येत नाही, हेही आईला सांगा. नाहीतर तिला वाटेल की तुम्ही तिची प्रार्थनाच बंद करायला निघालात.

पापाच्या गोष्टीबद्दल मला फार वाईट वाटलं. त्या बाई वाईट नसतील, पण एका आईच्या छातीवर त्यांनी दगड ठेवला. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांध माणसाकडे बघून नेमका हाच प्रश्न विचारतात: पाप कोणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशूचं उत्तर आहे, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. आईला हे वचन तुम्ही वाचून दाखवण्यापेक्षा पाळकांनी (पास्टरांनी) घरी येऊन वाचावं, त्याचं वजन वेगळं पडेल. स्किझोफ्रेनिया बहुतेक वेळा किशोरवयाच्या शेवटी किंवा विशी-पंचविशीत सुरू होतो, पुरुषांमध्ये थोडा लवकर. आनुवंशिकता, मेंदूची वाढ, गर्भावस्थेतल्या आणि लहानपणीच्या काही गोष्टी, ताण, गांजासारखी नशा अशी अनेक कारणं एकत्र येतात. आईने केलेल्या किंवा न केलेल्या प्रार्थनेने तो येत नाही, आणि वाईट संगोपनानेही येत नाही. एकेकाळी पाश्चात्त्य मनोविकारतज्ज्ञसुद्धा आईलाच दोष देत. ती कल्पना कधीच मोडीत निघाली आहे, पण आपल्याकडच्या कुजबुजीत अजून जिवंत आहे.

आता गोळ्या आणि विश्वास. माझं मत सौम्य शब्दांत सांगणार नाही: ‘गोळ्या सोड’ हे वाक्य ज्याने उच्चारलं त्याने तुमच्या भावाच्या जिवाशी खेळ केला. पहिल्या झटक्यानंतर औषध मध्येच बंद केलं तर आजार उलटण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, आणि दर वेळी आजार उलटल्यावर सावरायला जास्त वेळ लागतो. प्रचारक दुसऱ्या दिवशी पुढच्या गावाला गेला. खिडक्यांवरचे कागद तुमच्या घरात राहिले.

या बाबतीत मी नेहमी स्टॅन्ली जोन्स यांचं उदाहरण देते. अमेरिकेहून आलेले हे मेथडिस्ट मिशनरी भारतातल्या सुरुवातीच्या वर्षांत मनाने आणि शरीराने पुन्हापुन्हा कोसळत राहिले. लखनौमध्ये एकदा प्रार्थना करत असताना आपल्याला उभारी मिळाली, अशी साक्ष त्यांनी स्वतः दिली आहे. प्रार्थनेतून बरं वाटल्याचा अनुभव ज्यांना आला त्यांच्यातले हे एक. तरी त्यांनी दुसऱ्यांना काय दिलं? 1950 मध्ये त्याच लखनौत त्यांनी नूर मंझिल हे मनोरुग्णांचं रुग्णालय सुरू केलं, डॉक्टर आणि औषधांसह. आपला अनुभव त्यांनी इतरांवर नियम म्हणून लादला नाही. मिरज असो की वेल्लोर, मिशनच्या लोकांनी या देशात दवाखाने उभारले ते प्रार्थना संपली म्हणून नाही. प्रेषित पौलाबरोबर फिरणारा लूक वैद्य होता आणि खुद्द पौलाने त्याला ‘प्रिय वैद्य’ म्हटलंय. आईला हे तर्क म्हणून नको, गोष्ट म्हणून सांगा. आणि तिला तिच्या जागी एक काम द्या: रात्रीची गोळी तिने हातात घ्यावी, दोघांनी मिळून एक छोटी प्रार्थना करावी, मग त्याने गोळी घ्यावी. अशाने तिची श्रद्धा आणि त्याचं औषध एकाच बाजूला येतात. अनेक घरांत हे चालताना मी पाहिलंय.

गोळ्यांचे त्रास खरे असतात, तेही नाकारू नका. सुस्ती, वजन वाढणं, हात थरथरणं, अंग आखडणं, एका जागी बसवत नाही अशी बेचैनी. रुग्ण औषध सोडतात त्यामागे पुष्कळदा हेच असतं, अविश्वास-बिविश्वास काही नसतं. तोंडाने ‘प्रभूने मला बरं केलं’ म्हणतात, कारण घरात ते ऐकलं जातं. ‘मला सकाळी डोळे उघडता येत नाहीत’ हे ऐकलं जात नाही. डॉक्टरांना सांगितलं तर मात्रा बदलता येते, औषध बदलता येतं. रोजची कटकट नको असेल तर काही औषधांची महिन्यातून एकदा किंवा पंधरा दिवसांनी घ्यायची इंजेक्शनंही मिळतात. आणि परिणाम दिसायला वेळ लागतो. झोप आधी सुधारते, आवाज आणि संशय कमी व्हायला कित्येकदा चार-सहा आठवडे जातात. दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून आई पुन्हा खचेल. हे आधीच सांगून ठेवा.

उपास-प्रार्थना आणि रात्रजागरणाच्या सभा याबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण मंडळीत हे कुणी बोलत नाही. मनाचा गंभीर आजार असलेल्या माणसाने जागरण करू नये. झोप मोडणं हे आजार उसळण्याचं मोठं कारण असतं. बायपोलर म्हणजे द्विध्रुवी आजारात तर एका रात्रीच्या जागरणानेही उन्मादाची लाट येऊ शकते. ज्यांना त्यावरचं लिथियम हे औषध चालू आहे त्यांनी अन्नपाणी सोडून उपास करणं धोक्याचं आहे. शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं आणि विषबाधा होऊ शकते. उलट्या, थरथर, तोल जाणं, बोलणं जड होणं ही त्याची लक्षणं. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, मी माझ्याकडच्या प्रत्येक कुटुंबाला हे आठवणीने सांगते. उपास करायचाच असेल तर त्याच्या वतीने तुम्ही करा, तो जेवू दे. संदेष्टा एलीया झुडपाखाली बसून मरण मागत होता तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, आणि पुन्हा उठवून पुन्हा खायला दिलं. बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या एकोणिसाव्या अध्यायात हे आहे.

तो म्हणतो की देव त्याच्याशी बोलतो, आणि यामुळे आईच्या मनात गोंधळ होतो. कोण जाणे, खरंच काही पाचारण असेल तर? आजारातले भास आणि संशय माणसाच्या जगातूनच कपडे उचलतात. कुणाला पोलीस दिसतात, कुणाला मोबाईलचा टॉवर, कुणाला येशू. ज्या अनुभवाने माणूस जेवण, झोप, काम, माणसं सगळं सोडत चाललाय, भीतीने घाबराघुबरा झालाय, तो उपचाराचा विषय आहे, त्यात कुणाचंही नाव असो. त्याच्याशी वाद घालू नका, हो ला हो पण करू नका. ‘तुला ते ऐकू येतं हे मला समजतंय. मला ऐकू येत नाही. तुला भीती वाटते ना? मी इथे बसते,’ एवढं पुरे. त्याला शास्त्राची वचनं दाखवून खोडून काढू नका. तो तुमच्याहून जास्त वचनं काढेल.

वडील गप्प आहेत, आई रडते, तुम्ही फोनवर ओरडता, असं तुम्ही लिहिलंय. घरातल्या बोलण्याचा या आजारावर होणारा परिणाम फार जुन्या काळापासून अभ्यासला गेलाय. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी 1950 च्या दशकात रुग्णालयातून घरी गेलेल्या लोकांचा माग घेतला. पुढच्या अभ्यासांतून दिसलं की ज्या घरांत सतत टीका, तिरस्कार किंवा अति काळजीने गुदमरवणं चालतं, तिथे आजार जास्त वेळा उलटतो. नंतर चंदीगडला असाच अभ्यास झाला, तेव्हा आपल्याकडच्या घरांत अशी तीव्र टीका लंडनपेक्षा कमी आढळली. म्हणजे आपली घरं काही बाबतींत जात्याच चांगली आहेत, ती टिकवायला हवीत. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या मनोविकार केंद्रात तर सुरुवातीपासून रुग्णासोबत घरच्या माणसाने येऊन राहायचं, अशी पद्धत ठेवली. घरच्यांना आजार शिकवणं हा तिथे उपचाराचा भाग आहे. तुमच्या घरासाठी एवढंच करा: त्याच्याशी एका वेळी एकाने बोलायचं, वाक्य छोटं ठेवायचं, ‘किती सांगायचं तुला’ हे शब्द घरातून काढून टाकायचे, आणि त्याने अंघोळ केली, बाहेर दोन पावलं गेला, तर ते बोलून दाखवायचं. वडिलांना गप्प बसण्यापेक्षा एक ठरलेलं काम द्या. ओपीडीला नेणं त्यांच्याकडे असू दे. पुरुष माणसांना ‘बोला’ म्हटलं की ती अजून गप्प होतात, ‘हे करा’ म्हटलं की वाट सापडते.

आता ज्यासाठी मला हे उत्तर मोठं लिहावंसं वाटलं ते मंडळीबद्दल आहे. आपल्याकडे कुणाचं निधन झालं की काय होतं? त्या घरी चूल पेटत नाही, शेजारून डबे येतात. महिला मंडळ येऊन बसतं, संध्याकाळी गीतं होतात, कुणीतरी पोरांना शाळेत सोडतं. कुणाला कॅन्सर झाला तरी पाकिटं येतात, टाटा हॉस्पिटलला कोण ओळखीचं आहे ते शोधलं जातं. आणि एका घरात पोरगा मनाने आजारी पडला की तीच मंडळी दूर उभी राहते, किंवा येते ती भूत काढायला. मध्ये काहीच नसतं. मला मंडळीकडून नवीन काहीच नकोय. मयताच्या घरी जे करता ते इथे करा, फक्त जास्त दिवस करा.

मार्काच्या दुसऱ्या अध्यायातले ते चार जण आठवा. पक्षाघाती माणसाला खाटेवर घालून आणतात, गर्दीमुळे आत जाता येत नाही म्हणून छप्पर उसकटतात. तिथे लिहिलंय की येशूने ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, आणणाऱ्यांचा. खाटेवरच्या माणसाचा विश्वास किती होता याची चौकशी कुणी केली नाही. तुमच्या भावाला ‘तुझा विश्वास कमी पडतो’ म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारते की खाटेचा चौथा कोपरा तुम्ही धरला आहे का?

तर पाळकसाहेबांना भेटायला जा. एकट्या नको, मंडळीतलं एखादं समजूतदार वडीलधारं माणूस बरोबर घ्या. तक्रारीच्या सुरात नको, मदत मागायला जा. बाहेरच्या प्रचारकाने काय केलं याचा वाद पहिल्या भेटीत काढू नका. तीन गोष्टी मागा. पहिली, त्यांनी घरी यावं. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडीलधाऱ्यांना बोलवावं असं लिहिलंय, म्हणजे ते आजाऱ्याच्या घरी येतात. हजार लोकांपुढे व्यासपीठावर त्याला उभं करायचं असं तिथे नाही. त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी, हळू आवाजात, भावाची परवानगी विचारून, आणि निघताना त्याच्यासमोर म्हणावं, ‘औषध चालू ठेव, आम्ही प्रार्थना चालू ठेवतो.’ पाळकांच्या तोंडून आलेलं हे एक वाक्य माझ्या दहा भेटींपेक्षा जास्त काम करतं. दुसरी, ओपीडीच्या दिवशी वडिलांसोबत जायला एक माणूस. सिव्हिलला सकाळपासून रांगेत बसायचं असतं, बेचैन झालेल्या पोराला सांभाळत केसपेपर, डॉक्टर, औषधाची खिडकी हे एकट्याने होत नाही. तरुण संघातला एखादा मोटरसायकलवाला मुलगा पुरे. तिसरी, आईसाठी आठवड्यातून एक दुपार. पाळकीणबाई किंवा महिला मंडळातली कुणी येऊन भावाजवळ बसेल आणि आई बाजारात जाईल, बहिणीकडे जाईल, नाहीतर नुसती झोपेल. बायबलमधला योब सगळं गमावून राखेत बसला होता तेव्हा त्याचे मित्र सात दिवस सात रात्री एक शब्द न बोलता त्याच्याजवळ बसले. बोलायला लागल्यावर त्यांचं बिघडलं.

पैशाचं ओझं असेल तर तेही सांगा. येशूच्या दृष्टांतातल्या चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या माणसाच्या जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, उतारशाळेत नेलं, दोन दिनार दिले आणि वर म्हणाला, जास्त लागले तर परत आल्यावर देतो. आजार लांबणार हे त्याने धरून ठेवलं होतं. मंडळीची मदतही अशी हवी, एकदाच पाच हजारांचं पाकीट देण्यापेक्षा दर महिन्याला औषधाचे आणि येण्याजाण्याचे पाचशे.

एक गोष्ट मात्र मंडळीला स्पष्ट सांगून ठेवा. मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भावाच्या नावाने, आजाराच्या वर्णनासह ‘प्रार्थनेची विनंती’ टाकू नका. उद्या त्याला काम शोधायचंय, गावात फिरायचंय. आणि बरा झाल्यावर लगेच साक्ष द्यायला उभं करू नका. मंचावरची साक्ष म्हणजे ‘मी कायमचा बरा झालो’ असं जाहीर वचन होऊन बसतं. मग पुन्हा त्रास झाला तर तो लाजेने लपवतो, आणि औषध घेतानाही लपवतो.

उपासनेला न्यावं का? त्याची इच्छा असेल तर न्या. मागच्या बाकावर, दाराजवळ बसवा, हवं तेव्हा बाहेर जाता येईल असं. स्पीकरचा आवाज आणि गर्दी सहन होत नसेल तर उपासना संपल्यावर पाच मिनिटं नुसतं आत बसू दे. प्रभुभोजनाबद्दल विचारलंय, तर आजार हे त्याला वगळण्याचं कारण नाही. पाळक घरी येऊनही देऊ शकतात. ज्या सभांमध्ये ओरडून प्रार्थना, न कळणाऱ्या ‘अन्य भाषां’त बोलणं, लोकांचं खाली कोसळणं असं असतं, तिथे निदान सध्या नेऊ नका. ज्याला आधीच आवाज ऐकू येतात त्याला ते झेपत नाही.

कायद्याचं आणि कागदांचं पटकन सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 प्रमाणे त्याला सन्मानाने उपचार मिळण्याचा हक्क आहे. साखळी बांधणं कुठेही, कोणालाही कायद्याने करता येत नाही. तो स्वतः तयार नसेल आणि धोका असेल, तर त्याच्या नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावर, डॉक्टरांच्या तपासणीनंतर, तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. बरा असताना प्रतिनिधी कोण हे त्याच्याकडूनच लिहून घ्या. जिल्हा रुग्णालयात मनोविकाराची औषधं मोफत मिळतात. अधिक गरज पडली तर सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं पुण्यात येरवड्याला, ठाण्यात, नागपूरला आणि रत्नागिरीला आहेत. आजार लांबला तर 2016 च्या अपंगत्व कायद्याखाली प्रमाणपत्र मिळतं. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर बऱ्याच सवलती लागू होतात. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन कुटुंबांसाठी काम करते. तुम्ही पुण्यात आहात, तर तिथल्या नातेवाइकांच्या स्वमदत गटाला एकदा जाऊन या. तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नाही.

‘लग्न करून द्या, सुधारेल’ हा सल्ला येईलच, कदाचित मंडळीतूनच. मुलीच्या घरच्यांपासून आजार लपवून लग्न लावू नका. ते त्या मुलीवर अन्याय आहे, आणि लग्नाचा ताण, नवी माणसं, जागरणं यांत आजार उलटण्याची शक्यताच जास्त. काही वर्षं स्थिर राहिल्यावर, सगळं सांगून, त्याची स्वतःची इच्छा असेल तर तो वेगळा विषय आहे. असे संसार चांगले चाललेले मी पाहिलेत.

आता तुम्हाला देवाचा राग येतो त्याबद्दल. ताई, स्तोत्रसंहितेत अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र आहे. बाकीची बहुतेक विलापगीतं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळत नाही, अंधारातच थांबतं. तरी ते पवित्र शास्त्रात ठेवलं गेलं आणि पिढ्यान्पिढ्या देवळात गायलं गेलं. तुमचा राग घेऊन तुम्ही देवाशीच बोलताय. त्याला मी पाप म्हणणार नाही. आणि जी मंडळी तो राग ऐकून दचकते तिच्यापुढे तो बोलू नका, ज्यांच्यापुढे बोलता येईल असं एक माणूस शोधा.

इंग्लंडमधल्या ऑल्नी गावचे पाळक जॉन न्यूटन आणि त्यांचे कवी-मित्र विल्यम कूपर यांची गोष्ट मला यासाठी जवळची वाटते. कूपर भक्तिगीतं लिहायचे. 1773 साली त्यांचा आजार इतका उसळला की देवाने आपल्याला कायमचं टाकलं आहे आणि तो आपला जीव मागतोय असं त्यांना खात्रीने वाटू लागलं. न्यूटन आणि त्यांच्या पत्नीने त्यांना आपल्या घरी ठेवून घेतलं, वर्षाहून जास्त काळ. कूपर पूर्ण बरे झाले नाहीत. ते पुन्हा चर्चमध्येही गेले नाहीत. न्यूटन यांनी त्यामुळे मैत्री तोडली नाही, लंडनला बदली झाल्यावरही पत्रं लिहीत राहिले. तुमच्या भावाच्या बाबतीत चित्र याहून आशादायक आहे, कारण त्या काळी औषधं नव्हती आणि तुमचा भाऊ औषधावर चार महिने कामाला जात होता. पण समजा पूर्ण बरं व्हायला वेळ लागला, थोडं काही उरलंच, तरी तो मंडळीचा तेवढाच सभासद आणि घरातला तेवढाच मुलगा राहतो. चंगाई झाली तरच देवाने ऐकलं, असा हिशेब आईने मनात धरला असेल तर तो हळूहळू सोडवायला तिला मदत करा.

शेवटी तुमच्या नोकरीचं. सोडू नका. आठ-पंधरा दिवसांची रजा घ्या, कारण आत्ता औषध पुन्हा बसेपर्यंत घरात एक शांत डोकं हवं आहे. तेवढ्यात डॉक्टरांची भेट, पाळकांची भेट, ओपीडीला सोबत कोण ते ठरवणं, आणि एका वहीत औषधांची नावं, मात्रा, वेळा, डॉक्टरांचा नंबर, आजार उलटण्याआधीची त्याची खूण एवढं लिहून ठेवा. तुमच्या भावाची खूण बहुधा झोप आणि खिडकी हीच आहे: दोन रात्री झोपला नाही किंवा खिडकीला कागद लागला की डॉक्टरांना फोन, सभेची वाट बघायची नाही. मग पुण्याला परत जा. तुमचा पगार घराला लागणार आहे, आणि घरात सगळीच माणसं चोवीस तास त्याच्याकडे बघत बसली तर त्याचाही श्वास कोंडतो. रोज रात्री फोन करा तेव्हा आईला आधी ‘त्याने गोळी घेतली का’ विचारू नका. ‘तू जेवलीस का’ विचारा. गोळीचं वडिलांना विचारा.